गार्सा साबणाचा कारखाना होता तिथून

आर्लेन पोतोयने तिसऱ्यांदा तीच केबल उपटली, फुंकर मारली आणि परत खोचली. फुंकर मारून काही होत नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौदा वर्षं ती जावा भाषेत प्रोग्राम लिहीत होती. पण जे केल्याने काही व्हायला हवं होतं ते सगळं सकाळी सातपासून करून झालं होतं, आणि आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने बटण दाबलं. पडद्यावर क्षणभर काही आलं नाही, आणि मग तीच ओळ आली. जोडणी नाकारली.

"परत?" शेजारच्या टेबलावरून एवेलिंगने विचारलं.

"परत."

"मग मी वही चालू ठेवते."

"ठेव बाई, ठेव."

एवेलिंग उर्बिना रुग्णवाहिका केंद्रात फोनवर बसायची. कानाला हेडफोन, केसांत एक पेन्सिल, हातात दुसरी. सकाळपासून तिने अकरा गाड्या वहीवरून पाठवल्या होत्या, म्हणजे अंदाजपंचे. त्यातल्या दोन रस्ता चुकल्या. एका गाडीला तर लोकांनी हातगाडीवर घातलेला पेशंट वाटेत भेटला. ही गोष्ट एवेलिंगने सांगितली तेव्हा दोघी हसल्या, आणि मग कुणीच हसेना.

मानाग्वा शहरात रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत, आणि त्याची कुणाला लाजही नाही. पत्ता सांगायचा तो खुणेवरून: अमक्या दवाखान्यापासून दोन चौक तळ्याकडे, अर्धा चौक वर. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, डोंगराकडे म्हणजे दक्षिणेला, वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे. अडचण एकच. निम्म्या खुणा भूकंपात पडल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच पुढे कुणी विकल्या, कुणी पाडल्या. पत्ते मात्र तसेच राहिले. चिलामातेचं झाड होतं तिथून. दाताचा डॉक्टर होता तिथून. झाड तोडून तीस वर्षं झाली, डॉक्टर मायामीला जाऊन सुखात आहे, पण छातीत कळ आलेला माणूस फोनवर तेच सांगणार.

या सगळ्या खुणा एका बाईच्या डोक्यात होत्या. मेल्बा तेर्सेरो, सगळ्यांच्या दोन्या मेल्बा म्हणजे मेल्बाबाई, एकोणचाळीस वर्षं एवेलिंगच्याच खुर्चीवर बसल्या. फोनवरचा माणूस काहीही बरळो, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या, "पिवळी भिंत संपली की डावीकडे घे, कुत्र्याला भिऊ नको." त्या निवृत्त होणार म्हटल्यावर केंद्रात धावपळ उडाली. मग आर्लेनला बोलावलं. आठ महिने आर्लेन त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसली, आणि त्यांनी सांगितलेली एकेक खूण तिने यंत्रात घातली. चार हजार दोनशे सहा खुणा.

"इंजिनियर बाई," दोन्या मेल्बा दर वेळी चिडवायच्या, "तुमच्या यंत्राला विचारा की, चुकीचा दात उपटणारा डॉक्टर कुठं होता."

"त्याला अजून माहीत नाही. तुम्ही सांगा."

"मग ते शिकलेलं आहे की मी?"

तक्त्यात त्यांनी एक रकाना हट्टाने घालून घेतला होता. खूण आज उभी आहे की गेली? आर्लेन तिथे खुणेपुरती फुली मारणार होती. दोन्या मेल्बा म्हणाल्या, नाही, नीट लिहायचं, आहे किंवा होतं. "निम्मं गाव ‘होतं’मध्येच राहतंय, बाई. फुलीनं कसं कळेल?"

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा निरोप समारंभ झाला. केक, भेटीदाखल मिक्सर, सगळ्यांचं रडणं. चार हजार दोनशे सहा खुणांचा तो साठा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हरवर होता. केंद्रातलं यंत्र त्याला दुरून विचारायचं, अमकी खूण कुठं, आणि डोळा लवेपर्यंत उत्तर यायचं. काल, रविवारी, तो सर्व्हर जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवला. आज सकाळी केंद्राने हाक मारली आणि उत्तर आलं ते हे: नाकारली.

आर्लेनने परत तळघरात फोन लावला. तिथल्या यंत्रांच्या चाव्या विल्मर गायतानकडे होत्या.

"विल्मर, दरवाजा उघडा आहे ना नक्की?"

"इंजिनियर बाई, दरवाजा उघडा, खिडकी उघडी, छप्पर तेवढं काढायचं राहिलंय. मी इथं बसून विचारतोय, उत्तर येतंय. घोड्यासारखं पळतंय."

"काय विचारलंस?"

"नेहमीचंच. कॅथेड्रल. सांगतंय की कॅथेड्रल कुठंय ते."

"माझ्याकडं नाही ना येत."

"मग घोटाळा तुमच्याकडंच असणार. इथं तर चालतंय."

इथं तर चालतंय. हे वाक्य तिने सकाळपासून त्याच्या तोंडून नऊ वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला होता. विल्मर माणूस वाईट नव्हता, कामाला वाघ होता. पण त्याच्याकडे चालत असलं की जगात सगळीकडे चालायलाच हवं अशी त्याची समजूत होती. तिने फोन ठेवला, कपाळावरचा घाम बाहीने पुसला. एप्रिल होता, पंखा गरम हवाच फिरवत होता. टेबलावरच्या पेल्यातलं पिनोलिल्यो खाली बसलं होतं, मक्याचा चोथा तळाशी आणि वर नितळ पाणी.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. एवेलिंगने उचलला, ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा फुलला.

"दोन्या मेल्बा! अहो, आठवण आली का आमची?"

मग तिचा चेहरा उतरला. तिने हेडफोनची पिन उपटली आणि आवाज खोलीभर झाला.

"एवेलिंग, पोरी," तो आवाज म्हणत होता. ओळखीचाच होता, पण तोंडात घास असावा तसा. "माझा हात कुठं गेला गं?"

"कुठला हात, दोन्या मेल्बा?"

"उजवा. कॉफी सांडली. मी त्याला म्हणतेय उचल, तर तो उचलत नाही."

एवेलिंगने आर्लेनकडे पाहिलं. बारा वर्षं ती या खोलीत होती. हात गेला आणि जीभ जड झाली म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोक्यात गुठळी. तिथून पुढचं प्रत्येक मिनिट पेशंटच्या अंगातून जातं.

"पडून राहा. उठू नका. गाडी निघालीच. कुठं आहात तुम्ही?"

"घरी."

"घर कुठं तुमचं? पत्ता सांगा."

"मी घरीच आहे, बाई."

केंद्रातला एकही माणूस त्यांच्या घरी कधी गेला नव्हता. इतकी वर्षं त्या एकशेदहा नंबरच्या बसने यायच्या आणि त्याच बसने जायच्या. मुलगा कोस्टा रिकात, घरात त्या एकट्या. मोबाइल कंपनीकडून जागा काढायची तर आधी शिक्क्याचं पत्र लागायचं, आणि पत्राला दुपार. एवेलिंगने एका हाताने कपाट उघडलं, नोकरांच्या फायली जमिनीवर ओतल्या आणि दोन्या मेल्बांची फाइल काढली. पत्ता होता. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेला. गार्सा साबणाचा कारखाना होता तिथून तीन चौक डोंगराकडे, एक चौक खाली, हिरवं फाटक.

"नोएल!" एवेलिंग रेडिओवर ओरडली. "गार्सा साबणाचा कारखाना कुठं होता?"

गाडीतून ड्रायव्हरचा आवाज आला. "माझ्या आजोबांना विचारायला पाहिजे. आणि आजोबा मेलेत."

"चेष्टा करू नको रे! दोन्या मेल्बा आहेत."

मग एकदम दोन-तीन आवाज आले. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, गार्सा म्हणजे जुन्या स्टेशनापाशी. दुसरा म्हणाला, छे, स्टेशनापाशी होता तो मेणबत्त्यांचा. साबणाचा तिकडे वर, कत्तलखान्याच्या बाजूला. दोन्ही जागांत पाव तासाचं अंतर. नोएल म्हणाला, मी निघतो, स्टेशनाकडे जातो, तोवर नक्की सांगा.

नक्की सांगणारं एकच होतं, आणि ते आर्लेनच्या यंत्राला नाकारत होतं.

तिला ती दुपार आठवत होती. साबण कारखान्याची. दोन्या मेल्बा म्हणाल्या होत्या, "हा लिही नीट, हा माझ्या गल्लीचा आहे. लहानपणी आम्हाला वास यायचा, वाटायचं साऱ्या गावाची आंघोळ चाललीय." आर्लेनने लिहिलं होतं. नीट लिहिलं होतं. काय लिहिलं ते आता जीव गेला तरी आठवेना. चार हजार दोनशे सहातलं एक.

"विल्मर," ती फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सगळी सुरक्षा बंद कर. सगळी."

"सगळी? साहेबांना विचारावं लागेल."

"माणूस मरतंय, विल्मर."

त्याने विचारलं नाही. तीन मिनिटांत सगळी दारं खुली करून टाकली. तिने बटण दाबलं. जोडणी नाकारली. तिने केंद्राचं यंत्र बंद करून चालू केलं. दोन मिनिटं गेली. नाकारली. आपल्या प्रोग्रामची शनिवारची प्रत काढून ती लावली. नाकारली. तिची बोटं कीबोर्डवर घसरत होती, कारण ती ओली होती. चौदा वर्षं, दोन प्रशस्तिपत्रं, भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी, आणि एका म्हातारीचा साबणाचा कारखाना सापडेना.

शेजारी एवेलिंग बोलतच होती, न थांबता. फोनवरचं माणूस झोपता कामा नये, हेही तिला दोन्या मेल्बांनीच शिकवलं होतं.

"दोन्या मेल्बा, खूण सांगा ना मला. जवळ काय आहे?"

"खूण कशाला? मी घरी आहे."

"पण मी केंद्रातून बोलतेय ना. मला कसं कळणार?"

"ये की मग." आवाज आता खाली खाली चालला होता. "घरी ये."

"कुठल्या घरी येऊ?"

"इथं."

"इथं म्हणजे कुठं, हो?"

"इथं, बाई. घरी." आणि थोड्या वेळाने, तोंडातला घास गिळवत नसल्यासारखं, परत: "घरी."

आर्लेनचा हात थांबला. एवेलिंग रडायला लागली होती पण आवाजात येऊ देत नव्हती, आणि आर्लेन पडद्याकडे बघत होती. सकाळपासून तिने ती ओळ दोनशे वेळा वाचली असेल, म्हणजे ओळीचं पहिलं तोंड वाचलं असेल. जोडणी नाकारली. पुढे एक आकडा होता, कुणाकडे जोडायला गेलो त्याचा. तो ती वाचतच नव्हती, कारण तो तिला माहीत होता. सर्व्हरचा पत्ता तिनेच तर घातला होता. आता तिने तो वाचला. १२७.०.१.१.

तिने घातलेला पत्ता हा नव्हता.

जगातल्या प्रत्येक यंत्राचा स्वतःपुरता एक पत्ता असतो, आणि तो एकशेसत्तावीसने सुरू होतो. तो बाहेरच्यांसाठी नसतोच. यंत्र स्वतःशी बोलताना वापरतं: मी. इथंच. घरी. केंद्राचं यंत्र सकाळपासून सर्व्हरच्या देवडीपर्यंत नीट पोहोचत होतं. देवडीवर त्याला चिठ्ठी मिळत होती, खुणांचा साठा अमक्या पत्त्यावर आहे, तिथे जा. जुनं यंत्र त्या चिठ्ठीवर आपला खरा पत्ता लिहायचं. नव्याला तो कुणी सांगितलाच नव्हता, म्हणून ते भाबडेपणाने लिहीत होतं: घरी. आणि केंद्राचं यंत्र ती चिठ्ठी घेऊन घरी येत होतं, म्हणजे स्वतःच्याच घरी, स्वतःचंच दार वाजवत होतं, आणि आत कुणी नाही म्हणून सांगत होतं.

"विल्मर! नव्या यंत्राला आपला बाहेरचा पत्ता माहीत नाही. चिठ्ठीवर एकशेसत्तावीस लिहितंय."

"अरे देवा." पलीकडे खुर्ची करकरली. "एका ओळीचं काम आहे. घालतो, आणि बंद करून चालू करतो. चार मिनिटं. पाच."

"घाल."

ती म्हणाली आणि तिचं तिलाच काहीतरी टोचलं. चार मिनिटं, पाच. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. विल्मरकडे चालत होतं. सकाळपासून चालत होतं. का नाही चालणार? तो घरातच बसला होता. घरी ये म्हटल्यावर घरात बसलेल्या माणसाची वाट थोडीच चुकते.

"थांब!" ती इतक्या जोरात ओरडली की एवेलिंग दचकली. "हात लावू नको! बंद करू नको!"

"आता काय?"

"तुझ्याकडं चालतंय ना?"

"तेच तर सकाळपासून..."

"मग तूच विचार त्याला. कॅथेड्रल नको. गार्सा साबणाचा कारखाना."

कीबोर्डची बटणं दाबल्याचा आवाज. दोन बोटांनी टाइप करायचा विल्मर. तिने एकेक अक्षर मोजलं.

"आलं," तो म्हणाला. "वाचू? गार्सा साबणाचा कारखाना. होता. आता तिथे पंक्चरवाल्याची निळी टपरी, मागे आंबा, कत्तलखान्याच्या भिंतीपासून दोन चौक वर. पुढं नकाशाचे आकडे आहेत, ते पण देऊ?"

कत्तलखाना. नोएल स्टेशनाकडे गेला होता, उलट्या टोकाला. एवेलिंगने रेडिओ तोंडाशी धरला आणि त्याला गाडी वळवायला सांगितलं. टपरी, आंबा, तीन चौक डोंगराकडे, एक खाली, हिरवं फाटक. सायरनचा आवाज रेडिओतून खोलीत भरला. टेलिफोनच्या बाजूने आता नुसता श्वास येत होता.

"मिळालं का?" विल्मरने विचारलं.

"मिळालं."

"एवढंच होतं होय?" तो म्हणाला, आणि त्याच्या मनात काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. "हे मी केव्हाच काढून दिलं असतं, इंजिनियर बाई. तुम्ही विचारलंच नाही."

आर्लेनने फोन ठेवला. फोन आला अकरा बावीसला, विचारलं अकरा एक्केचाळीसला. मधली एकोणीस मिनिटं ती सर्व्हर दुरुस्त करत होती.

नोएल बारा वाजायला तीन मिनिटं असताना फाटकाशी पोहोचला. फाटक आतून लावलेलं होतं, तो भिंतीवरून चढला. आधी सायरन फोनमधूनही ऐकू आला, मग कुत्रं, मग नोएलचा आवाज, "दोन्या मेल्बा, मी आहे, भिऊ नका," आणि मग कुणीतरी फोन बंद केला.

दुपारी एकला विल्मरने ती एक ओळ घातली, यंत्र बंद करून चालू केलं, आणि केंद्रातल्या पडद्यावर उत्तर येऊ लागलं, डोळा लवेपर्यंत. एवेलिंगने वही खणात टाकली. संध्याकाळी आर्लेनने अहवाल लिहिला. कारण: सर्व्हर बाहेरच्यांना स्वतःचा आतला पत्ता देत होता. उपाय: बाहेरचा पत्ता नेमून दिला. साहेबांनी त्यावर सही केली आणि छान म्हणाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वाकडं न बोलता, सहज सांगितलं होतं, की जीव वाचला. हात आणि बोलणं, थोडं आधी आला असतात तर पाहता आलं असतं.

आर्लेन सहा आठवडे त्यांना भेटायला गेली नाही. एवेलिंग दर रविवारी जायची आणि सोमवारी काही सांगायची नाही. शेवटी सातव्या आठवड्यात आर्लेन एकशेदहा नंबरच्या बसने निघाली. कत्तलखान्याची भिंत, मग दोन चौक वर, पंक्चरवाल्याची टपरी, तिच्यामागे आंबा. टपरी निळी होती. तिथून तीन चौक ती चालली, डोंगराकडे, आणि एक खाली.

फाटक उघडलं ते सोबतीला येऊन राहिलेल्या भाचीने. दोन्या मेल्बा पडवीत झुलत्या खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी आणून ठेवावा तसा. आर्लेनला बघून त्यांनी तोंड उघडलं, एक आवाज आला, तो कुठल्या शब्दाला लागेना, आणि त्या स्वतःवरच चिडून गप्प बसल्या. भाचीने पिनोलिल्योचे दोन पेले आणून ठेवले आणि आत गेली.

आर्लेनने बसमध्ये सगळं ठरवलं होतं. "दोन्या मेल्बा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला विल्मरला विचारायला पाहिजे होतं. लगेच. मी एकोणीस मिनिटं..." आणि पुढचं ठरवलेलं काही आलं नाही. ती दोन्ही हात तोंडावर घेऊन रडली, पडवीत, रस्त्यावरून माणसं जात असताना. किती वेळ कोण जाणे.

हात खाली केले तेव्हा दोन्या मेल्बांचा डावा तळहात तिच्यासमोर पसरलेला होता. केंद्रात त्या असाच हात पुढे करायच्या, आण काय आहे ते, म्हणून. नजर आर्लेनच्या पर्सवर होती. पर्सच्या तोंडातून दुमडलेल्या कागदाचं टोक दिसत होतं.

तो कागद दाखवायला आणलाच नव्हता. एवेलिंगने शुक्रवारी दिला होता, पर्समध्येच राहिला: सहा आठवड्यांत लोकांनी फोनवर सांगितलेल्या आणि साठ्यात न सापडलेल्या खुणा. एकंदर सात. आर्लेनने तो उलगडला. द्यावा की नाही कळेना, म्हणून तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली.

"लंगड्या न्हाव्याचं दुकान होतं तिथून."

दोन्या मेल्बांनी डोळे मिटले. मग डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर एकदा टकटक केली. हात उचलला, तळ्याच्या दिशेने धरला, चार बोटं दाखवली. मग खाली, जिकडे सूर्य मावळतो तिकडे, दोन.

आर्लेनने पेन काढलं. "चार चौक तळ्याकडे, दोन खाली," तिने लिहिलं आणि पुढची ओळ वाचली. "जुळ्या बहिणींचा दवाखाना होता तिथून." पुन्हा दांड्यावर टकटक, पुन्हा हात, या वेळी वर, आधी पाच बोटं, मग दोन, आणि एक अर्धं. तिसऱ्या खुणेलाही तसंच. त्या विचारही करत नव्हत्या; डोळे मिटलेले, आणि हात गावभर फिरून येत होता. प्रत्येक वेळी आधी ती टकटक.

चौथ्या ओळीशी आर्लेन थांबली. तिने लिहिलेलं वर पाहिलं. चार चौक तळ्याकडे. साडेसात चौक वर. कुठून? कागद केंद्रात नेऊन दिला तर एवेलिंग हेच विचारेल, कुठून, आणि कागदावर ते कुठेच नव्हतं. तिने खुर्चीच्या दांड्याकडे पाहिलं. रंग उडालेला तो लाकडी दांडा.

"इथून?" तिने विचारलं. "या घरापासून?"

दोन्या मेल्बांनी डोळे उघडले. इतकी शिकलेली बाई आणि आता कळलं, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

कागदाच्या माथ्यावर थोडी जागा होती. आर्लेनने तिथे नवी खूण लिहिली: दोन्या मेल्बा तेर्सेरो यांचं घर. पंक्चरवाल्यापासून तीन चौक डोंगराकडे, एक खाली, हिरवं फाटक. मग ती पुढची ओळ वाचायला लागली, तर त्यांनी बोट कागदावर आपटलं. रकाना राहिला होता.

आर्लेनने लिहिलं: आहे.

त्यांनी वाकून ते नीट वाचलं, मान हलवली, आणि पुढची खूण सांग म्हणून हात पुढे केला.